कोटाआडची गोळी

कापसाचा तो पुंजका बाहीला कधी चिकटला हे मार्लिसला कळलंच नाही. बेकरीत रांग होती, जानेवारीत असते तशी, दाराबाहेर न जाता आतल्या आत वळसे घेत उभी. आणि तिच्या पुढचा माणूस खसखशीच्या कोलाचांचं, म्हणजे गोड झेक पावांचं, पुडकं छातीशी धरून वळताना तिला घासून गेला. ‘सॉरी, मॅडम,’ म्हणाला, टोपी कानावर ओढली आणि गेला. तपकिरी कोट, चौकटी-चौकटींची शिवण, कोपरावर फाटलेला. आपलं पुडकं घेऊन ती गाडीत बसली तेव्हा तिला बाहीवर पांढरं काहीतरी दिसलं. तिला वाटलं बर्फ. झटकलं तर गेलं नाही. चिमटीत धरलं तर मऊ, कोरडं. आणि मार्लिस वाव्रा, शहर पोलिसांची शस्त्रसार्जंट, साठीला टेकलेली, जिच्या एका हाकेने नव्या शिपायांच्या पाठी ताठ होतात, ती इंजिन चालू ठेवून तशीच बसून राहिली. आजच हे व्हायचं होतं का, असं वाटलं. मग वाटलं, झालं तर झालं. तिने पुंजका फेकला नाही. शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

आज कसोटी होती. शहराचे पोलीस कमरेला कुठली गोळी बाळगणार, ते पुढच्या पाच वर्षांसाठी आज ठरायचं होतं. एक सध्याची, आणि एक मार्लिसने दोन हिवाळे नाद घेऊन शोधून काढलेली. दोन्ही पोकळ तोंडाच्या. पोकळ तोंडाच्या गोळीने करायचं एवढंच, की अंगात शिरल्यावर तिचं तोंड फुलावं, ती रुंद व्हावी, अडावी, आणि ज्याच्यावर झाडली त्याच्यातच थांबावी. पलीकडे उभ्या असलेल्या भलत्याच माणसाकडे जाऊ नये. पण वाटेत त्या तोंडात कापूस कोंबला गेला तर ते फुलत नाही. मग ती नुसती शिशाची कांडी उरते आणि आरपार चालू लागते. चाचणीच्या नियमात, माणसाच्या मांसाच्या जागी ठेवलेल्या जिलेटिनच्या जेलच्या ठोकळ्यापुढे डेनिमचे चार थर लावायचे असतात, आणि त्यात दोन्ही गोळ्या पास होत्या. मग झालं तर, असं वरचे म्हणत होते. मार्लिस म्हणत होती, काय झालं? या गावात जानेवारीत डेनिमवर कोण हिंडतं? इथे माणूस आत गरम बनियन घालतो, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर कापूस भरलेला कोट, आणि तरी नाक लाल करून थंडीला शिव्या देतो. गोळीला भेटणार आहे तो हा माणूस. डेनिम घातलेला माणूस तिला जुलैत भेटेल.

तिने तो माणूस पाहिला होता. तेव्हा ती चौथीत की पाचवीत होती. आई गेल्यापासून रविवारी तिला ठेवायला कुणी नसायचं, म्हणून झेक लोकांच्या हॉलमधल्या दुपारच्या नाचाला बाबा तिला बरोबर न्यायचे आणि स्टेजच्या कडेला ड्रमच्या पायाशी बसवायचे. तिथून तिला फक्त बूट दिसायचे, पोल्का नाचाच्या तालावर गरगरणारे, आणि मान वर केली की बाबा. एमिल वाव्रा, आठवडाभर कत्तलखान्यात गारठलेली हाडं फोडणारा, रविवारी मात्र पांढराशुभ्र शर्ट आणि छातीवर लाल अकॉर्डियन. त्या दिवशी तिकिटांच्या टेबलावरची पेटी उचलून एक कोटवाला पळत सुटला, हातात पिस्तूल होतं, आणि दाराशी पहाऱ्यावर असलेल्या पोलिसाने गोळी झाडली. पोलिसाचं काही चुकलं नाही, हे बाबा आजही सांगतात. नेम अगदी बरोबर लागला होता. गोळी कोटात शिरली, तोंडात कापूस भरून घेतला, कोटवाल्याच्या बरगडीखालून निघाली, लाकडी आडभिंत ओलांडली आणि बाबांच्या उजव्या खांद्यात येऊन बसली. गोळीचा आवाज मार्लिसला आठवतच नाही. आठवतो तो अकॉर्डियनचा भाता. बाबांचा हात सुटला, भाता स्वतःच्या वजनाने उघडत गेला आणि कुठलीशी एक पट्टी दबलेलीच राहिली, त्यामुळे एकच सूर लांबत, खोल जात राहिला. मागच्या बाजूला काही जोडपी त्या एका सुरावरसुद्धा नाचत होती. त्यांना काय झालं ते कळायला वेळ लागला.

कोटवाला जगला. दोन गल्ल्या पळाला, सापडला, तुरुंगात गेला, सुटला. कुठेतरी म्हातारा झाला असेल. बाबांचा उजवा हात मात्र पुन्हा छातीपर्यंत उठला नाही. खटला संपल्यावर खांद्यातून काढलेली गोळी त्यांनी मागून घेतली आणि अकॉर्डियनच्या पेटीतल्या छोट्या खणात टाकली, जिथे पूर्वी पट्ट्याची बक्कल ठेवत. मार्लिस ती चोरून बघायची. न फुललेली, जवळजवळ नवीकोरी गोळी, आणि तिच्या तोंडात घट्ट बसलेला कापूस, दरवर्षी जरा जास्त पिवळा. पेटी पलंगाखाली गेली, मग माळ्यावर, मग मार्लिसच्या घरी. बाबा कधी रडगाणं गाणारे नव्हते. मार्लिस पोलिसात गेली तेव्हा आठवडाभर बोलले नाहीत, एवढंच. मग ती रविवारच्या जेवणावर गोळ्यांचं, जेलचं, कोटांचं पुराण लावायला लागली, तेव्हा एकदा बटाट्याच्या गोळ्यावर रस्सा ओतता ओतता म्हणाले, ‘मार्लिस, तुझी गोळी कोटामागे थांबली ना, त्या दिवशी मी बाजा वाजवीन.’ तिने त्याच आठवड्यात स्वतःपुरती चाचणी करून त्यांना सांगितलं, थांबली म्हणून. ते म्हणाले, ‘घरी कोण कसं गातं ते मला नको सांगूस. हॉलमध्ये, लोकांपुढे काय झालं ते सांग. शहराने मानलं का?’ शहराने मानलं नव्हतं. आता ते शहाऐंशी वर्षांचे होते, या हिवाळ्यात छातीत दोनदा पाणी झालं होतं, आणि आज जुना करार पुढे चालू राहिला तर पुढची कसोटी पाच वर्षांनी. पाच वर्षं बाबांकडे नव्हती. हे तिला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मानेकडे बघून कळत होतं. आज सकाळी तिने अकॉर्डियनची पेटी गाडीच्या डिकीत टाकली होती आणि टाकताना स्वतःलाच मूर्ख म्हणाली होती.

विमानतळामागच्या नेमबाजी केंद्राचं दार उघडलं आणि दालचिनीचा वास अंगावर आला. या वासाचं तिला कधी नवल वाटत नसे. जेल शिजवताना फेस मरावा आणि घाण वास येऊ नये म्हणून त्यात दालचिनीच्या तेलाचे थेंब टाकतात, आणि सगळे ठोकळे तिने स्वतः केले होते; थंड पाण्यात पावडर भिजवून, मंद आचेवर, उकळी म्हणून येऊ न देता. उकळी आली की जेलचा जीव गेला. नंतर ते थंड कपाटात, लोणी ठेवतो तितक्या गार. पण आज वास जरा जास्तच होता, कारण आज गुरुवार होता, आणि गुरुवारी केंद्रात सगळ्यांचं मिळून जेवण असतं. जेवणाला चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. शाळेच्या डब्यापासून नेब्रास्कातली माणसं हे दोन्ही एका ताटात खातात. बाहेरून आलेल्याला ते विचित्र वाटतं, आणि तो बाहेरून आलाय हे त्यावरूनच ओळखतात.

“आली का शिंपीण!” व्हर्जिल ओस्टरगार्ड ओरडला. तो केंद्रातली शस्त्रं दुरुस्त करायचा, आणि मार्लिसची खोडी काढणं हा त्याचा दुसरा, बिनपगारी धंदा होता. “कोट किती आणलेस?”

“होते तेवढे सगळे. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात आता फक्त उन्हाळी टोप्या उरल्यात.”

“दुकानातली बाई काही म्हणाली नाही?”

“म्हणाली, देव तुमचं भलं करो, गरिबांची किती काळजी तुम्हाला!”

“आणि तू?”

“मी म्हटलं, आमेन.”

व्हर्जिल पोट धरून हसला. “ठोकळे मांडून ठेवलेत बघ तुझे. तू यायच्या आधीच. उगाच म्हणतेस, व्हर्ज काही करत नाही.”

डेप्युटी चीफ टेसमर आला तो घड्याळ बघतच. या टेसमरला पिस्तुलावर अंगठा कुठे ठेवायचा हे मार्लिसने शिकवलं होतं. तेव्हा तो कोवळा शिपाई होता आणि दर गोळीला डोळे मिटायचा. आता त्याच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या होत्या, आणि तो तिला चारचौघांत अहो-जाहो करायचा, तीही करायची.

“सार्जंट, मला जेवण झालं की महापौरांकडे जायचंय. तोवर सही झाली नाही, तर जुना करार आपोआप पुढे चालू. तुम्हाला माहीत आहेच.”

“माहीत आहे, चीफ.”

“आणि नियमात डेनिम आहे, कोट नाही. मी तुमच्या शब्दाखातर आलोय.”

“नियम लिहिणारे उबदार गावात राहत असतील,” मार्लिस म्हणाली, आणि छर्ऱ्याची बंदूक उचलली.

कुठल्याही गोळीआधी ठोकळ्यात एक छर्रा मारतात. छर्रा ठरलेल्या खुणांच्या आत थांबला तर ठोकळा खरा. हे इतक्या वेळा केलेलं होतं की तिचं लक्ष खिशातल्या पुंजक्याकडे होतं. छर्रा सुटला. ती वाकली. स्वच्छ, पिवळसर जेलमध्ये छर्रा तरंगत असल्यासारखा अडकला होता, आणि खुणेच्या पुढे अंगठाभर गेला होता. दुसरा ठोकळा. तोही तसाच. तिने तळवा टेकवला. गार होता, पण जसा हवा तसा गार नव्हता.

कुणी पाहिलं नव्हतं. व्हर्जिल कोट अडकवत होता, टेसमर फोनवर बोलत होता. मार्लिस वाकलेलीच राहिली, आणि तेवढ्या वेळात तिच्या मनातून सगळं स्वच्छ सरकून गेलं. मऊ ठोकळा म्हणजे जुनी गोळी मेली. कोटातून जाऊन आज ती अशी आरपार सुटेल की टेसमरचं तोंड पाहण्यासारखं होईल. नवी गोळी थोडी खोल जाईल, पण थांबेल. तिच्या पोकळ तोंडात आधीच रबरी बूच बसवलेलं असतं, कापसाला शिरायला जागाच नाही, आणि आघाताने बूच दाबलं की तोंड आतून उघडतं. म्हणजे जिंकणार तीच, मऊ ठोकळ्यातही आणि कडक ठोकळ्यातही. मग काय बिघडलं? निकाल खराच लागणार होता, फक्त जरा मोठ्या आवाजात. संध्याकाळी बाबांच्या खोलीत पेटी उघडता आली असती. शहाऐंशी. तिने डोळे मिटले आणि तिला तो लांबत गेलेला सूर ऐकू आला, आणि त्याच्यामागे बाबांचा आवाज. बाबा स्वयंपाकघरात असताना ती बाहेर एक चुकीची पट्टी दाबायची, तेव्हा तिथूनच ओरडायचे, ‘ती नव्हे!’ कधी फसले नाहीत. त्यांच्यापुढे बसून ‘थांबली’ म्हणायचं आणि ते तिच्याकडे बघणार, एवढं डोळ्यांपुढे आलं. आपल्याला हे सुचलंच कसं, याची तिला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा राग जास्त आला.

“ठोकळे बाद,” ती म्हणाली.

“काय?” टेसमरने फोन कानावरून काढला.

“गरम झालेत. यात मारलेलं काही धरता येणार नाही.”

“सार्जंट, मी आत्ताच सांगितलं ना? आज नाही तर पाच वर्षांनी.”

“ऐकलं मी. पण बाद म्हणजे बाद, चीफ.” आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढला. “व्हर्ज, हे कपाटातून कधी काढलेस?”

व्हर्जिलचं तोंड पडलं. “सकाळी. लवकर.”

“का?”

“अगं… चिलीचं पातेलं बसेना. आणि रोलवरचं क्रीम बाहेर वितळलं असतं.”

मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग टेसमरसुद्धा. मार्लिस हसली नाही. डोळ्यांत पाणी तरारलं होतं. शहराची सुरक्षितता, दोन हिवाळे, बाबांचा शब्द, आणि आडवं आलं काय तर रोलवरचं क्रीम!

“मागच्या रांगेतले पण काढलेस?”

“मागचे?” व्हर्जिल विचारात पडला. “नाही. पुढचे काढल्यावर पातेलं बसलं की. मागच्यांना मी हातच लावला नाही.”

ती धावलीच. कपाटात पातेल्यामागे, रोलच्या ताटांमागे ठोकळे शहाण्यासारखे बसले होते. आता त्यांना बाहेर काढायचं तर आधी जेवण बाहेर काढणं भाग होतं, आणि काढलेलं जेवण व्हर्जिलने गरम केलं, त्यामुळे शहराचा डेप्युटी चीफ एका हातात चिलीचा वाडगा आणि दुसऱ्या हातात रोल घेऊन उभा असताना मार्लिसने छर्ऱ्याची बंदूक पुन्हा उचलली. या वेळी तिचं लक्ष कुठेही नव्हतं. छर्रा खुणांच्या अगदी मधोमध थांबला. तिच्या जिवात जीव आला.

मग कोट. दोन-दोन ठोकळे एकामागे एक, त्यांच्यापुढे बनियन, स्वेटर, कोट, आणि सगळ्यात मागे पाण्याचे कॅन. आधी जुनी गोळी. पाचांतल्या दोन फुलल्या. तीन नाही फुलल्या. दोन्ही ठोकळे पार करून गेल्या, मागे कॅन फुटले आणि पाणी टेसमरच्या बुटांपर्यंत वाहत आलं. त्याने पाय काढले नाहीत. व्हर्जिलने फुटलेल्या कॅनच्या तळातून एक गोळी काढून दिली. मार्लिसने ती तळहातावर घेतली. तोंडात पांढरा कापूस, घट्ट. तिला ती ओळखीची वाटली, फक्त कापूस अजून पिवळा पडायचा होता. तिने खिशाचं बटण उघडलं, सकाळचा पुंजका काढला आणि गोळीशेजारी ठेवला. टेसमर वाकून बघत राहिला. वाडगा त्याने केव्हाच खाली ठेवला होता.

नवी गोळी. पहिली थांबली. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या नियमातल्या बारा आणि अठरा इंचांच्या मधे, पाकळ्या पसरून. जेलमध्ये प्रत्येकीची वाट दिसत होती, सुरुवातीला पोकळ, फाटलेली, मग निमुळती होत गेलेली. मार्लिसने आजवर हे कितीदा पाहिलं होतं, आणि दरवेळी तिला वाटायचं की हे सुंदर दिसतं आणि दिसू नये. जेलच्या जागी काय असणार हे तिला माहीत होतं. त्या हॉलमध्ये ही गोळी असती, तर कोटवाला दोन गल्ल्या पळाला नसता. तो दारापर्यंतसुद्धा पोचला नसता. हे तिने स्वतःपासून कधी लपवलं नव्हतं. तरी तिचा आनंद काही केल्या लहान होईना. तो छातीत चढतच होता.

पाचवी शिल्लक होती. तिने पिस्तूल टेसमरपुढे धरलं. “ही तुम्ही मारा, चीफ. उद्या कुणी म्हणायला नको, बाईने स्वतःच्या हाताने जमवलं.”

त्याने नेम धरला.

“अंगठा,” मार्लिस म्हणाली.

“काय?”

“अंगठा खाली घे, मूर्खा. आणि डोळे मिटू नकोस.”

अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. टेसमर कानापर्यंत लाल झाला, अंगठा खाली घेतला, आणि मारली. कोट हलला. कोटातून कापूस उडाला आणि दिव्याखाली सावकाश खाली येत राहिला. व्हर्जिल टेप घेऊन वाकला आणि बराच वेळ उठेचना.

“अरे बोल की!”

“चौदा,” व्हर्जिल म्हणाला, आणि शहर पोलिसांच्या शस्त्रसार्जंटने त्याला मिठी मारून जमिनीवरून उचललं. टेसमरने सही केली तेव्हा कागदावर दालचिनीचं क्रीम लागलं. तो कागद तसाच महापौरांकडे गेला.

वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत दुपारचं ऊन होतं, कडक थंडीतलं, नुसतं दिसायला. एमिल वाव्रा खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मार्लिसने आधी कोलाच दिले. मग त्यांच्या डाव्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या, पेटीतली बंद आणि आजची उमललेली.

“लोकांपुढे?” त्यांनी विचारलं.

“लोकांपुढे. सही झाली, बाबा.”

“ठोकळे नीट होते?”

“पहिले नव्हते. मी बाद केले.”

त्यांनी मान हलवली. उमललेल्या गोळीवर अंगठा फिरवला, पाकळ्यांच्या कडा धारदार होत्या, त्या त्यांनी जपून चाचपल्या.

“म्हणजे ही असती तर माझा हात राहिला असता.”

“हो.”

“आणि तो गेला असता. कोटवाला.”

“हो, बाबा.”

ते बाहेर बघत राहिले. कुणाचीतरी मुलं बर्फातून घसरगाडी ओढत होती. “त्याला बापडा म्हणावं असं मला कधी वाटलं नाही,” ते म्हणाले, “पण तो मेला असता तर बरं झालं असतं, असंही कधी वाटलं नाही. ते तुझं तू बघ. तू पोलीस आहेस.” मग बंद गोळी त्यांनी तिच्या हातात परत दिली आणि उघडी आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. “बाजा कुठाय?”

“डिकीत.”

“मग इथे काय बसलीस?”

तिने पेटी आणून उघडली; गंजलेली कडी मघाशी जुनी गोळी काढतानाच किल्लीने उचकटली होती. लाल रंग जरा फिका झाला होता, भात्याच्या कोपऱ्याची शिवण उसवली होती. पट्टे त्यांच्या खांद्यावर चढवताना ते कण्हले आणि ‘काही नाही, काही नाही,’ म्हणाले. डावा हात बरोबर जागी गेला, बटणांवर, जणू कालच काढला होता. उजवा मांडीवरून हलला नाही. तो हलणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. मार्लिसने खुर्ची ओढली आणि त्यांच्या उजव्या बाजूला खेटून बसली, आणि पट्ट्यांवर तिने स्वतःची बोटं ठेवली, जी एवढी वर्षं चाप ओढत आली होती आणि पोल्का विसरली असावीत असं तिला वाटत होतं. भाता उघडला. हवा फुसफुसली, धूळ उडाली, आणि मग एकच सूर निघाला, लांब, ओळखीचा. बैठकीतल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. चाकांचा वॉकर धरून उभी असलेली एक बाई बुटाचं टोक आपटू लागली.

“कुठून धरू, बाबा?” मार्लिसला नीट दिसत नव्हतं.

“जिथे सोडलं होतं तिथून,” एमिल वाव्रा ओरडले. “चल, हात चालव! नाचणारे खोळंबलेत!”